पुढची तपासणी एप्रिलमध्ये

रुपाली मेश्राम भांडत नाही, याचा मला कित्येक वर्षं राग होता. मी भांडते. रिक्षावाल्यांशी भांडत लहानाची मोठी झालेली पुण्याची बाई मी. सिंगापूरला आल्यावर भांडायला कोणी सापडेना, म्हणून पहिलं वर्ष मला करमलंच नाही. क्लेमेंटीच्या आमच्या ब्लॉकमध्ये रुपालीचं दार आमच्या दाराला लागून. इकडे मी आणि माझा नवरा प्रबोध, तिकडे ती आणि तिची लेक एकता. लिफ्ट बंद पडली की ही बाई भाजीच्या पिशव्या घेऊन निमूट जिना चढायला लागायची, आणि मी खाली उभी राहून दिसेल त्याला जाब विचारायची. वर पोचल्यावर तीच मला पाणी द्यायची.

वन-नॉर्थला एका संशोधन संस्थेत ती प्रयोगशाळेतली उपकरणं सांभाळायची. तिच्या कामाचं मला भारी अप्रूप होतं. प्रयोगाला थेंबभर द्रव मोजून घ्यायची नळी असते, तिला पिपेट म्हणतात. नवी असताना ती चोख मोजते, वापरून वापरून हळूहळू कमी भरायला लागते. बाहेरून काही कळत नाही. म्हणून रुपाली दर सहा महिन्यांनी प्रत्येक पिपेट घ्यायची, तिच्यात पाणी ओढायची, ते काट्यावर सोडून वजन करायची, बिघडलं असेल तेवढं नीट करायची आणि वर एक छोटं स्टिकर चिकटवायची. त्यावर पुढच्या तपासणीची तारीख. तारीख उलटलेली पिपेट कोणी हातात धरलेली तिला खपायची नाही. तेवढ्या एका बाबतीत ती मोठ्या मोठ्या डॉक्टरांनाही सुनावायची म्हणे.

बाकी आयुष्यात मात्र मूग गिळून गप्प.

रुपाली आणि तिचा नवरा नरेश दोघंही नागपूरचे, दोघंही इंजिनीअर. सन दोन हजारमध्ये ते वेगळे झाले. माणसं दोन्ही चांगली, पण एका घरात दोघांचा श्वास कोंडायचा. एकता तेव्हा तीन वर्षांची होती. इथल्या नागपूरकडच्या मंडळींमध्ये वडीलधारे म्हणजे शिवदासकाका, वीस वर्षांपूर्वी जहाजांच्या कामावर आलेले आणि इथेच राहिलेले. त्यांनी आपल्या घरी बैठक बोलावली. लग्न जमवताना बसतात ना, तश्शीच: सतरंजी, चहा, पोहे, दोन्हीकडची चार माणसं. फक्त ही बैठक लग्न मोडायची होती. लेकीसाठी नरेशने दरमहा किती द्यायचं ते तिथे ठरलं, आणि दोघांच्या संमतीचा तो आकडा पुढे कोर्टाच्या हुकमात गेला. उठताना काका म्हणाले, "ठरलं ते ठरलं. यावर आता पुन्हा शब्द नाही."

आपल्याकडे बैठक उठली की देण्याघेण्याचा विषय संपतो. मागाहून जो कोणी तो उकरून काढतो, त्याचं नाक कापलं जातं. रुपालीने काकांचा शब्द पाळला. नरेशनेही पाळला, हे मला कबूल करायला हवं. दर महिन्याच्या एक तारखेला पैसे जमा. त्याने दुसरं लग्न केलं, पासिर रिसला घर घेतलं, त्याला दुसरी मुलगी झाली, पण एक महिना चुकवला नाही. लेकीला भेटायचं मात्र वर्षातून एकदा, तिच्या वाढदिवसाला, केक घेऊन, शूज न काढता दारातूनच. पैसे वेळेवर गेले की बापाचं काम झालं, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. अशा प्रामाणिक माणसांचा मला लबाडांपेक्षा जास्त राग येतो, कारण त्यांच्याशी भांडायला जागा सापडत नाही.

पोरगी मात्र आकड्यासाठी थांबली नाही. ती वाढली. दुधाची पावडर आणि बालवाडी धरून ठरवलेल्या रकमेत आता चष्मा, ट्यूशन, बस, आणि दर चार महिन्यांनी लहान होणारे बूट बसवायचे होते. रुपाली बसवत राहिली. मग दोन हजार सात उजाडलं आणि सिंगापुरात घरभाड्यांना जणू पंख फुटले. रुपालीच्या घरमालकाने करार संपताना जे भाडं सांगितलं, ते ऐकून प्रबोधने चष्मा काढून पुसला. ते भाडं दिलं तर हातात काही उरत नव्हतं. बाईने एक खोली भाड्याने घ्यायची ठरवली, एकटीसाठी.

एकटीसाठी, कारण एकताला ती नागपूरला भावाकडे पाठवणार होती.

हे मला कळलं ते बॅगेमुळे. मार्चमधल्या एका रविवारी मी वाटीभर साखर मागायला गेले, तर हॉलमध्ये एक नवीकोरी निळी बॅग उभी. चाकांची, लेबल लोंबतंय. एकता तिच्याकडे पाठ करून गृहपाठ करत होती.

"कोण निघालं?" मी विचारलं.

"मी," एकता म्हणाली. "जून हॉलिडेजमध्ये. नागपूर. मम्मी सेज मामाची स्कूल व्हेरी गुड." आणि पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं. तिने टोक काढायचं यंत्र शोधलं, टोक केलं, परत लिहायला लागली. दहा वर्षांची पोर. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी रुपालीला स्वयंपाकघरात गाठलं. "नरेशला विचारलंस?"

"गेले होते न मागच्या शनिवारी, पासिर रिसला."

"मग?"

"विचारलं त्याला, सगळं कसं चाललंय. म्हटलं, भाडी फार वाढली. तो म्हणाला, हो, फारच वाढली." तिने गॅस बारीक केला. "मग चहा घेतला आणि आले."

"ताकाला गेलीस आणि भांडं लपवून परत आलीस!"

"मग काय करू? बैठकीत ठरलेलं उकरू? सगळे म्हणतील, पाहा, सात वर्षांनी हात पसरायला आली."

तिथे माझा तोल गेला. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. शेवटचं तेवढं लिहिते. "एवढ्याशा नळीला तू दर सहा महिन्यांनी तपासतेस," मी म्हटलं, "आणि पोरीच्या आकड्याला सात वर्षांत हात लावला नाहीस! तुझ्या लॅबमध्ये असली पिपेट सापडली असती तर कचऱ्यात टाकली असतीस. इथे तू पोरीला टाकायला निघालीस!"

तिने साखर वाटीत भरून माझ्या हातात दिली. शेवटचं वाक्य जरा जास्तच झालं हे मला कळत होतं, पण मी ते मागे घेतलं नाही. घरी आले आणि रागाच्या भरात दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टाच्या चौकशीच्या नंबरला फोन लावला. भांडायच्या तयारीनेच लावला होता. पलीकडच्या मुलीने अतिशय गोड आवाजात माझी हवाच काढून घेतली. ती म्हणाली, परिस्थिती बदलली असेल तर मुलाच्या पोटगीचा हुकूम बदलून मागता येतो. अर्ज करा, आधी समेटासाठी बसवतील, वकील असलाच पाहिजे असं नाही. म्हणजे ज्या कोर्टाला आम्ही सगळे दगडावरची रेघ समजत होतो, ते बापडं सात वर्षं दार उघडं ठेवून बसलं होतं. बैठक आमची होती. कुलूपही आमचंच होतं.

मी हे रुपालीला सांगितलं. ती म्हणाली, "काकांना विचारल्याशिवाय नाही."

एप्रिलमध्ये जयंतीचा कार्यक्रम होता. एका कॉन्डोचा, म्हणजे खासगी सोसायटीचा हॉल, बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, वंदना, मग काकांचं भाषण. काका घटनेवर फार सुंदर बोलतात. त्या दिवशीही बोलले, की घटना जिवंत राहिली, कारण बाबासाहेबांनी तिच्यात दुरुस्तीची वाट ठेवली. येणाऱ्या पिढ्यांचे हात बांधून ठेवले नाहीत. टाळ्या झाल्या. मग पंगत. नरेश कारखान्यातल्या शिफ्टमुळे आला नव्हता. रुपाली खीर वाढत होती आणि मी काकांच्या शेजारची खुर्ची पकडली.

"काका, रुपालीच्या आकड्याचं काय?"

काकांनी माझ्याकडे प्रेमाने पाहिलं, वादळाकडे खिडकीतून बघतात तसं. "सुनेत्राबाई, बैठकीत ठरलं ते ठरलं. नरेशने एक महिना तरी चुकवला का? मग त्याला कोणत्या तोंडाने सांगू?"

मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी दुसरंच कोणी बोललं.

"काका," रुपाली म्हणाली. खिरीचा डाव तिच्या हातात तसाच होता. "काऊन काका, आत्ताच तर तुम्ही सांगितलं. एवढ्या मोठ्या देशाच्या घटनेत दुरुस्तीची वाट ठेवली. मग तुमच्या घरातली बैठक काय घटनेपेक्षा मोठी आहे?"

पंगतीतल्या माना तिच्याकडे वळल्या. माझ्या अंगावर काटा आला. रागाचा काटा मला माहीत आहे, हा तो नव्हता. काका तसबिरीकडे बघत होते. मग त्यांनी रिकामी वाटी पुढे केली.

"वाढ," ते म्हणाले. "आणि कोर्टात जाशील तेव्हा मला सांग. मी येतो. चूक माझ्या घरी झाली, दुरुस्तीला मी नको का?"

मे महिन्यात तारीख मिळाली. मी रजा काढून गेले, पण मला आणि काकांना आत सोडलं नाही. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर गार हवेत कुडकुडत बसलो. आत रुपाली, नरेश आणि समेट घडवणाऱ्या एक चिनी बाई. जे झालं ते मला नंतर रुपालीने सांगितलं आणि पुढे कधीतरी नरेशनेही, म्हणून माझा त्यावर विश्वास आहे.

नरेश इस्त्रीचा शर्ट घालून, बँकेचे सगळे कागद क्रमाने लावून आला होता. "मॅडम, सात वर्षांत एकही हप्ता चुकलेला नाही," त्याने सांगितलं. बाईंनी कागद पाहिले, व्हेरी गुड म्हणाल्या. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "मुलगी कितवीत आहे?"

"प्रायमरी टू," नरेश म्हणाला.

नरेशने रुपालीकडे पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं. "थ्री?" तो म्हणाला.

"फोर," रुपाली म्हणाली.

मी तिथे असते तर त्या एका शब्दावर मी अर्धा तास बोलले असते. म्हणूनच मला बाहेर ठेवलं ते बरं झालं. रुपालीने त्याला कोपऱ्यात ढकललं नाही. ती म्हणाली, "नरेश, तू तुझ्या कारखान्यात चिप मोजायची मीटरं वापरतोस. सात वर्षं न तपासलेलं मीटर वापरशील?"

"हातसुद्धा लावू देत नाहीत आमच्याकडे," तो पटकन म्हणाला. कामाचा प्रश्न आला की इंजिनीअर विचार न करता खरं बोलतो.

"मीटरची चूक असते का त्यात?"

"नाही. वापरलं की ते सरकतंच. तपासायची तारीख ठरवलेली असावी लागते."

"आपण ती ठरवलीच नाही," रुपाली म्हणाली. "बैठकीत सगळे होते, पण तारीख कोणी लिहिली नाही. आकडा तीन वर्षांच्या एकतावर थांबला. तूही तिथेच थांबलास. ती दहा वर्षांची झालीय नरेश, आणि मी तिला जूनमध्ये नागपूरला पाठवतेय, कारण मला ती इथे परवडत नाही."

नरेशला नागपूरचं माहीत नव्हतं. भाडी फार वाढली, एवढंच त्याला चहाबरोबर कळलं होतं. त्याने बँकेचे कागद गोळा केले, उगाच कडा जुळवल्या, आणि विचारलं, "चष्मा केव्हा लागला तिला?" कारण वाढदिवसाच्या केकमागे तो चष्मा त्याने दोनदा पाहिला होता आणि एकदाही विचारलं नव्हतं.

पुढचं सोपं झालं. नवा आकडा ठरला, रुपालीने मागितला होता त्याहून थोडा वरचाच, आणि तो नरेशने स्वतः सांगितला. त्याखाली दोघांनी एक कलम घालून घेतलं: दरवर्षी जयंतीनंतरच्या रविवारी एकत्र बसायचं, मुलीच्या गरजा आणि दोघांची मिळकत पाहायची, लागेल तसा आकडा बदलून कोर्टाला कळवायचा. चिनी बाई म्हणाल्या म्हणे, की असं सगळे करतील तर माझं काम अर्धं होईल.

दार उघडलं आणि रुपाली बाहेर आली. तिने आमच्याकडे पाहून नुसती मान हलवली. मी त्या गंभीर इमारतीत इतक्या मोठ्याने ओरडले की पहारेकरी धावत आला. काका त्याला समजावत होते आणि स्वतःच डोळे पुसत होते. मागून नरेश आला, काकांच्या पाया पडायला वाकला, तर काका म्हणाले, "माझ्या नको रे. घरी जा आणि पोरीला भेट. आणि या वेळी शूज काढून आत बस."

संध्याकाळी क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये आम्ही केळ्याची भजी खाल्ली. एकताला बातमी तिथेच सांगितली. तिने भजं खाली ठेवलं, आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सो मी नाही जाणार?"

"नाही जाणार," रुपाली म्हणाली.

"कन्फर्म?"

"कन्फर्म."

तेव्हा कुठे ती पोर रडली. तीन महिन्यांचं साठलेलं सगळं रडली, आणि आम्ही तिला खुशाल रडू दिलं. नंतर तिने माझीसुद्धा भजी संपवली. घरी गेल्यावर रुपालीने ऑफिसच्या बॅगेतून एक स्टिकर काढलं, त्यावर पेनाने 'पुढची तपासणी: एप्रिल २००८' असं लिहिलं आणि फ्रिजवर चिकटवलं. मी ते येता-जाता वाचायची आणि दर वेळी मला नव्याने आनंद व्हायचा. उदाहरण माझं होतं, हे मी सगळ्यांना सांगते. ते वापरायची हिंमत तिची होती, हे मी थोड्या लोकांना सांगते.

दोन हजार आठची तपासणी चहा संपायच्या आत उरकली. नऊची मात्र एप्रिलपर्यंत थांबली नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी रुपालीला नरेशच्या बायकोचा, सविताचा, फोन आला. "ताई, यांची नोकरी गेली डिसेंबरात. ते तुम्हाला सांगायचे नाहीत. एक तारखेचे पैसे साठवणीतून काढून भरतायत." त्या वर्षी चिपच्या कारखान्यांनी माणसं भराभर कमी केली होती. रुपालीला तोवर बढती मिळाली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि त्याच रविवारी सगळ्यांना बोलावलं. "यंत्र हातातून पडलं तर तपासणीच्या तारखेची वाट बघत नसतात," ती म्हणाली.

नरेश आला तो मान खाली घालून. शूज दारात काढले, बसला, आणि पहिलंच वाक्य बोलला: "मी कमी देणार नाही. ठरलं ते ठरलं."

"ते वाक्य माझ्या घरात बोलायचं नाही," रुपाली म्हणाली. ही रुपाली! दोन वर्षांपूर्वी गॅस बारीक करून गप्प बसणारी! "तपासणी काय एकाच बाजूची असते? तेव्हा तुझी ऐपत होती, माझी नव्हती. आज माझी आहे. तुला नोकरी लागेपर्यंत निम्मं. लागली की पुन्हा बसू."

नरेश मान हलवून नको म्हणायला लागला. तेवढ्यात आतल्या खोलीतून एकता आली. अकरा पूर्ण झालेली, प्रायमरी सिक्सला, मोठ्या परीक्षेचं वर्ष. ती सरळ सतरंजीवर बापासमोर बसली.

"मीपण रिव्ह्यूमध्ये आहे," तिने तिच्या सिंगापुरी इंग्रजी-मराठीत जाहीर केलं. "इट्स अबाउट मी, व्हॉट. पप्पा, मनी लेस ओके, लाह. पण सॅटर्डे द्यायचा. एव्हरी सॅटर्डे. मॅथ्स शिकवायचं. फुल डे, हाफ डे कॅनॉट."

नरेशने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. नऊ वर्षांत एक हप्ता न चुकवलेला माणूस आमच्या सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडला, आणि एकता त्याच्या गुडघ्यावर थापटत म्हणत राहिली, "ओके लाह, ओके."

काकांनी खाकरून आवाज नीट केला. "मग ठरलं?"

"ठरलं," एकता म्हणाली. "टिल नेक्स्ट एप्रिल."

नरेशला जुलैमध्ये नोकरी लागली आणि त्याच आठवड्यात त्याने स्वतःहून फोन करून तपासणी मागितली. आकडा परत वर गेला. शनिवार मात्र जिथे होता तिथेच राहिला. उलट शुक्रवारची रात्रही त्याला येऊन चिकटली, कारण धाकटी बहीण एकताला सोडेना. क्लेमेंटीहून गाडीत बसलं की न बदलता थेट पासिर रिस, शेवटचं स्टेशन. पहिल्या शुक्रवारी पोरगी कपडे आणि गणिताची पुस्तकं कशात भरू म्हणून शोधायला लागली. कपाटावर ती निळी बॅग होती, नागपूरसाठी घेतलेली, एकदाही न वापरलेली. रुपालीने ती खाली काढून पुसली. लेबल अजून लोंबत होतं. मी घरून कात्री आणली आणि ते माझ्या हाताने कापलं.